पाटी आधी, तोंड नंतर : पहिली-दुसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

३० जून २०२५, सोमवार

शाळा मालवण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. दोन शिक्षक, चार वर्ग. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. माझी मुलं अकरा. यंदाच्या कृतिसंशोधनासाठी प्रश्न असा घेतला : मुलं एकत्र बसून उत्तर काढतात तेव्हा त्यांचा विचार पुढे सरकतो, की नुसतं उत्तर एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर जातं?

गटकार्य दिलं की चार पाट्यांवर चार सारखी उत्तरं येतात. बघायला आलेला माणूस खूश होतो. मग एकेकाला बाजूला घेऊन "कसं काढलंस?" विचारलं की चारातली तिघं छताकडे बघतात.

डी.एड.ला पियाजे आणि व्हायगॉट्स्की या दोन बालमानसशास्त्रज्ञांवर हमखास प्रश्न असत. दोघांचा जन्म १८९६ चा. आमच्या गाइडात पियाजेपुढे 'मूल स्वतः शिकते' आणि व्हायगॉट्स्कीपुढे 'मूल समाजात शिकते' असं छापलेलं, आणि आम्ही ते तसंच पाठ करून आलो. ही वाटणी परीक्षेपुरती ठीक. पियाजेने १९३२ च्या पुस्तकात गोट्या खेळणाऱ्या मुलांना त्यांच्या खेळाचे नियम विचारले. मोठ्यांकडून आलेला नियम मूल देववाणीसारखा धरतं, पण नियम कशासाठी असतो हे त्याला बरोबरीच्या मुलांशी खेळताना नि भांडताना उमगतं, असं त्याचं म्हणणं. व्हायगॉट्स्की १९३४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेला. तो सांगत होता की मूल आज दुसऱ्याच्या मदतीने जे करतं ते उद्या एकटं करील. मदत करणारा मोठा माणूस असेल किंवा जास्त जाणता सवंगडी. म्हणजे सोबत दोघांनाही हवीच आहे. पियाजेला ती बरोबरीच्याची हवी, व्हायगॉट्स्कीला जरा पुढच्याची. माझ्या वर्गात पहिली-दुसरी एकत्र बसत असल्यामुळे दोन्ही जातीची सोबत फुकटात मिळते. बहुवर्ग अध्यापनाला आम्ही एरवी नावं ठेवतो, इथे ते कामी येईल.

नोंदीत मुलांची खरी नावं नाहीत. सगळ्यांना माशांची नावं दिली. गुरुजी म्हणाले, "सुरमई कोण नि पेडवा कोण, हय तुमी भाव आधीच ठरवलात!" भाव बघून दिलेली नाहीत, चिठ्ठ्या टाकून दिली.

४ जुलै, शुक्रवार

पहिली फेरी, प्रत्येक मूल एकटं. सारखे दोन पेले, दोन्हीत सारखं कोकमाचं पाणी. आगळाचं, म्हणजे कोकमाच्या दाट रसाचं, असल्यामुळे रंग लांबून दिसतो. एका पेल्यातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत अरुंद, उंच बाटलीत ओतायचं आणि विचारायचं, कशात जास्त? ही पियाजेची जुनी ओळखीची चाचणी. पहिलीतल्या बहुतेकांनी बाटलीकडे बोट दाखवलं. सुरमई (दुसरी) म्हणाली, तेवढंच. सहज म्हणाली, जणू मीच काहीतरी बावळट विचारलंय.

या चाचणीत एक खोच आहे आणि ती मला इतर कशाहून जास्त लागली. मूळ पद्धतीत ओतण्याआधी विचारतात, "सारखं आहे ना?" आणि ओतल्यावर तोच प्रश्न पुन्हा. १९७४ मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी सहा वर्षांच्या काही मुलांना फक्त ओतल्यानंतरच विचारलं. एकदाच विचारल्यावर चुका कमी झाल्या. का होणार नाहीत? मोठं माणूस तोच प्रश्न परत विचारतं तेव्हा मूल पाण्याचा विचार करत नाही, मोठ्या माणसाचा करतं. आमच्या शाळांत तर हे बाळकडूच. बाईंनी "नक्की?" म्हटलं की उत्तर बदलायचं असतं, हे पहिलीतल्या पोराला जूनच्या अखेरीस कळलेलं असतं. परीक्षक खोलीत असतो आणि त्याचा चेहरा हा प्रश्नपत्रिकेचाच भाग असतो.

म्हणून ठरवलं : प्रश्न एकदाच. "नक्की?" बंद. उत्तर आलं की "बरं" एवढंच, चांगलं असो की वाईट. हे "बरं" एकाच सुरात म्हणणं फार कठीण जातंय.

९ जुलै, बुधवार

स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सत्तरच्या दशकात एक गंमत केली होती. मणी समोरासमोर दोन ओळींत मांडायचे, दोन्हीकडे सारखे. मोठ्या माणसाने एक ओळ मुद्दाम दाटीवाटीने केली की लहान मुलं म्हणत, लांब ओळीत जास्त. पण खोडकर अस्वलाच्या बाहुल्याने येऊन तीच ओळ विसकटली की कितीतरी जास्त मुलं म्हणत, सारखेच आहेत. मोठं माणूस काही करतं तेव्हा ते कशासाठी तरी करतं, असं मूल धरून चालतं. अस्वलाकडून तशी अपेक्षा नसते.

इथे अस्वल कोणाला ठाऊक? मोज्याचा माकड केला. आमच्याकडे माकडांनी शहाळी पाडणं, केळी ओरबाडणं रोजचं आहे, त्यामुळे माकडाने येऊन शिंपल्यांची ओळ उधळली यात कोणाला काही खोटं वाटलं नाही. ४ तारखेला बाटलीकडे बोट दाखवणारा पेडवा आज म्हणाला, "तेवढेच आसत. माकडान खंय नेल्यान? सरकवल्यान फक्त." मग तोच खेळ मी हाताने केला. पेडव्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लांब ओळ दाखवली.

अकरा मुलांवरून सिद्ध काही होत नाही. पण जो तर्क माकडासमोर चालतो तो बाईंसमोर गप्प होतो, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं.

१५ जुलै, मंगळवार

पाऊस. पटावर अकरा, हजर चार. नोंद नाही.

१८ जुलै, शुक्रवार

आजपासून तिघातिघांचे गट. जिनिव्हात विलेम द्वाज, गॅब्रिएल म्युनी आणि अ‍ॅन-नेली पेरे-क्लेरमाँ यांनी १९७५ मध्ये हेच पाण्याचं काम गटात करून घेतलं होतं. एकट्याने चुकणारी मुलं जोडीदाराशी वाद घालून पुढे गेली, आणि नंतर एकटी बसवल्यावरही त्यातली बरीच पुढेच राहिली. त्यांचं म्हणणं, दोन दृष्टी समोरासमोर आल्या की मुलाला स्वतःच्या उत्तरापाशी थांबता येत नाही.

माझ्या गटात सुरमई, रावस आणि करली. रावसच्या घरची होडी आहे, वाडीतले चार-पाच जण त्याच्या वडलांकडे कामाला. ही गोष्ट वर्गात कोणी बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

रावस : "बाटलेतलां ज्यास्त. बघ मां, वरपर्यंत इलां."
सुरमई : "पन बाटली बारीक आसा."
रावस : "मगे? आमच्या होडयेची टाकी बारीक आसा, तेच्यात ज्यास्त डिझेल ऱ्हवता."
सुरमई : (थांबून) "होय. ज्यास्त."
करली : "ज्यास्त."

संपलं. तीन पाट्या, एक उत्तर, तेही चुकीचं, आणि ते जिला बरोबर माहीत होतं तिच्या पाटीवरसुद्धा. हात धुवायला गेल्यावर सुरमईला एकटीला विचारलं. "तेवढांच आसा. तो म्हणता म्हणान सांगितलंय."

द्वाज आणि म्युनी यांनी हाही धोका सांगून ठेवलाय. मतभेद मिटवायच्या दोन वाटा असतात : कारणं देऊन, नाहीतर नातं सांभाळून. दुसऱ्या वाटेने भांडण मिटतं, डोक्यात काही हलत नाही. इथे तर वाडीची सगळी उतरंड तीन पाट्यांवर येऊन बसली.

पण रावसचं टाकीचं वाक्य पुसून टाकू नये. कारण चुकीचं होतं, तरी ते कारण होतं. सुरमईकडे बरोबर उत्तर होतं आणि कारण एकच, "बारीक आसा". ते तिला पुढे नेता आलं नाही.

२३ जुलै, बुधवार

सोलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर केलेला प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. रेघेची लांबी उघड दिसतेय, तरी आधीच्या सगळ्यांनी चुकीचं सांगितलं की सुमारे एकतृतीयांश वेळा माणूस त्यांच्यासारखंच सांगतो. आणि एकच जण जरी वेगळं बोलला तरी हे प्रमाण धाडकन खाली येतं. २०११ मध्ये डॅनियल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी जर्मनीत चार वर्षांच्या मुलांवर तसलंच काही केलं. मुलं मोठ्याने सांगताना इतरांच्या मागे जास्त जात, गुपचूप दाखवताना कमी. म्हणजे बालवाडीतलं मूलही डोळ्यांनी दिसलेलं विसरत नाही. चारचौघांत काय बोलायचं ते ठरवतं.

अ‍ॅशच्या प्रयोगात आधीची माणसं ठरवून खोटं बोलत. ते माझ्या वर्गात होणार नाही. एका मुलाला फसवायला दुसऱ्या मुलांना खोटं शिकवायचं, हे मला पटत नाही. हाउन आणि टोमासेलो यांनी ते टाळलं होतं : मुलांच्या हातातली पुस्तकं वरून सारखी दिसायची, पण एकाच्या पुस्तकातलं चित्र वेगळं. खोटं कोणीच बोललं नाही.

मी त्याहून सोपं केलं. बादलीभर पाणी, एक संत्रं सालीसकट, एक सोललेलं. कोणतं तरंगेल? आधी तोंडी विचारलं, रावसपासून सुरुवात. ओळीने जवळपास सगळे म्हणाले, सोललेलं, कारण ते हलकं झालं. थोड्या वेळाने बटाटा आणि अंडं घेऊन तसलाच प्रश्न, पण या वेळी पाटीवर चित्र काढायचं, पाटी उलटी ठेवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर एकदम वर करायची. पाट्यांवर तीन-चार प्रकारची उत्तरं! पहिल्यांदाच वर्गात "अरे, तू असां कित्याक लिवलंस?" ऐकू आलं.

(सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. सालीत हवा असते. संत्री नंतर वाटून खाल्ली, बुडलेलं आधी.)

नियम झाला : पाटी आधी, तोंड नंतर. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज मासेमारीबंदी उठली. वाडीत गडबड, वर्गात लक्ष नाही. गुरुजींच्या चौथीतला मोरी मात्र वेगळंच घेऊन आला : "माझो आजो भरतीचो टायम तिथीवरसून सांगता." तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास सुकती (ओहोटी). जुनी माणसं हे बोटांवर करतात.

चारही वर्ग व्हरांड्यात घेतले. प्रश्न : आजोबा सांगतात ते खरं कशावरून? निम्म्यांचं उत्तर, आजोबा सांगतात म्हणून. मग पेडवा म्हणाला, जाऊन बघूया. जेवणाच्या सुट्टीत गुरुजी आणि मी मुलांना बांधावरून धक्क्याच्या पायऱ्या दाखवायला घेऊन गेलो. पाणी खाली होतं, पण फारसं नाही, आणि बघता बघता परत चढायला लागल्यासारखं दिसत होतं.

पेडवा : "आजो चुकलो."
मोरी : "चुकाक नाय. आज भांग आसा. भांगाक पानी धड चढना नाय, धड सुकना नाय."
पेडवा : "मगे तेणी तसां सांगूक होया होतां."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती-ओहोटी, उधाण म्हणजे पुनवेची नि अवसेची जोराची. मोरीने आजोबांची बाजू सोडली नाही, पण ती बाजू घ्यायला त्याला आजोबांच्या नियमाच्या पोटातला दुसरा नियम बाहेर काढावा लागला. पेडव्याने विचारलं नसतं तर तो तिथेच राहिला असता. पुनवेच्या आधी परत बघायचं ठरलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. शाळा भरायच्या वेळेला वरच्या पायरीपर्यंत पाणी. पेडवा आपणहून म्हणाला, "आजो बरोबर."

मुलं मोठ्यांचं सगळंच आंधळेपणाने घेतात असंही नाही. मेलिसा कोनिग, फाब्रीस क्लेमाँ आणि पॉल हॅरिस यांनी २००४ मध्ये दाखवलं की तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा आधी कोण बरोबर बोललं होतं ते लक्षात ठेवतात आणि नवीन वस्तूचं नाव त्याच माणसाकडून घेतात. आजोबांवर पेडव्याचा विश्वास आजपासून आहे, आणि तो मोरीच्या विश्वासापेक्षा वेगळ्या जातीचा आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

आज गुरुजींच्या वर्गातली नोंद. चौथीतल्या एका मुलीची आई गणपतीच्या तोंडावर रस्त्याकडेला नारळ मांडते, मुलगी संध्याकाळी सोबत बसते. ३५ चा एक. गिऱ्हाईक म्हणतं दहा दे, ती क्षणात ३५० सांगते. गुरुजींनी वहीत ३५ × १० दिलं तर तिने ३५ खाली १० मांडून, एक शून्य गाळून, काहीतरी भलतंच आणलं.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. निबंध १९८५ चा. ठेल्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर नुसती आकडेमोड म्हणून दिले तर ३७ टक्के. त्यात एक मुलगा दहा नारळांचा भाव असा काढतो : तीन म्हणजे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, मग अजून चार हवेत... आणि ३५० वर येतो. तिथेही नारळ, तिथेही एकाला ३५! यंदा फेब्रुवारीत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. तोही हेच सांगतो, आणि उलट बाजूही : शाळेच्या गणितात बरी असलेली मुलं बाजारच्या हिशेबात अडखळतात.

गुरुजींचं मत, तिला पाढे पाठ नाहीत, बस. मला तेवढंच वाटत नाही. ठेल्यावर समोर माणूस असतो, त्याला पटवायचं असतं, चूक झाली तर तो लगेच बोलतो आणि आई बाजूला असते. वहीत कोणालाच काही पटवायचं नसतं. तिने शून्य कोणासाठी सांभाळायचं?

१९ ऑगस्ट, मंगळवार

करलीची आई आली. "बाई, तुमी उत्तर सांगूक नाय तर पोरां शिकतली कशी?" प्रश्न रास्त आहे. त्यांनी स्वतः मासे साफ करायला आईकडे बघून शिकलं, कोणी कारणं दिली नाहीत.

त्यांच्यासमोरच डबा घेतला. झाकणावर तीन टिचक्या मारल्या, मग उघडला आणि आतला लाडू काढला. पहिलीतल्या मुलांना दिला. सगळ्यांनी तीन टिचक्या मारूनच उघडला. टिचक्यांचा उघडण्याशी काडीचा संबंध नाही हे दिसत होतं, तरी. हॉर्नर आणि व्हाइटन यांनी २००५ मध्ये पारदर्शक पेटीवर हेच दाखवलं होतं : चिंपांझी निरर्थक क्रिया गाळून सरळ खाऊ काढतात, तीन-चार वर्षांची माणसाची पोरं ती इमानाने करतात. करलीची आई हसायला लागली, "म्हंजे माकडां शाणी!"

तसं नाही. होडीवर दोराची गाठ कशी मारायची ते पोराने आधी जसंच्या तसं उचलावं. प्रत्येक गाठीला 'का' विचारत बसला तर वारा थांबत नाही. ज्या गोष्टीचं कारण डोळ्यांना दिसत नाही ती नक्कल करूनच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी एक खेळणं घेतलं, त्यात दडलेल्या करामती अनेक. "बघ, हे असं चालतं" म्हणून एक करामत शिकवली की मुलं तीच करत राहत. चुकून दाखवल्यासारखं केलं तर बाकीच्याही शोधून काढत. बाईंनी दाखवलं म्हणजे एवढंच असेल, असा हिशेब. तोही हुशारीचाच हिशेब आहे.

करलीच्या आईला एवढंच सांगितलं की उत्तर सांगणार आहे, पण शेवटी. त्या "बघूया" म्हणून गेल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्या प्रकल्पातला हा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

दोन मेजं. पहिल्यावर वाडी : निळी फीत म्हणजे खाडी, खोक्यांची शाळा, देऊळ, धक्का, दोन घरं. दुसऱ्या मेजावर फक्त फीत, पण वेगळ्या अंगाला लावलेली, जणू मेज पाव फिरवून ठेवलंय. काम : तीच वाडी इथे मांडायची, खाडीशी प्रत्येकाचं नातं तेच राहिलं पाहिजे. म्युनी आणि द्वाज यांनी १९७८ च्या प्रयोगात अशीच गावाची मांडणी वापरली होती. त्यांना सापडलं की जोडीदार बरोबरच असायला हवा असं नाही. तो वेगळ्या तऱ्हेने विचार करणारा असला, अगदी मागे असला, तरी काम होतं.

म्हणून जोडी लावली पेडवा आणि तारली. दोघंही एकटी असताना चुकली होती, पण वेगवेगळी. पेडवा पहिल्या मेजावर जे उजवीकडे ते दुसऱ्यावरही उजवीकडे ठेवतो, फीत बघतच नाही. तारली डावं-उजवं फिरवते, पण पुढचं-मागचं तसंच ठेवते.

सुरुवातीला मी शेजारी बसले होते. प्रत्येक खोका ठेवून झाला की दोघंही माझ्याकडे बघत. खुर्ची उचलून पडवीत गेले आणि दाराकडे पाठ केली. तेव्हा कुठे ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

तारली : "देऊळ खाडयेक लागान आसा. तू तेका डोंगरार घातलंस."
पेडवा : "थंय पन असांच आसा. बघ, ह्या बाजूक."
तारली : "मगे हय खाडी खंय आसा?"
(शांतता.)
पेडवा : "हय... तुझी शाळा तर पान्यात गेली!"
तारली : "नाय जावची. शाळा धक्क्याच्या पाठी."
पेडवा : "पाठी म्हंजे खंय? तू हडे उभी ऱ्हवल्यार पाठी, मी थंय उभो ऱ्हवल्यार फुडे!"

हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं. 'पाठी' हे उभ्या माणसावर अवलंबून असतं, हे सहा वर्षांच्या मुलाने भांडता भांडता शोधलं. त्याला ते मी शिकवायला गेले असते तर फळ्यावर बाण काढत बसले असते.

मग पेडवा पहिल्या मेजाला वळसा घालून गेला, खाडीला पाठ करून उभा राहिला आणि तारलीला ओढत दुसऱ्या मेजापाशी तसंच उभं केलं. तिथून दोघांनी खोके मांडले. एक घर तरी चुकलंच, त्यावर पुन्हा भांडण. सोमवारी दोघांना एकेकटं बसवून वेगळी मांडणी द्यायची आहे.

रावस आणि करली या जोडीत रावसने मांडलं, करलीने खोके हातात दिले. जेवणानंतर रावसला बांगड्यासोबत बसवलं. बांगड्याला रावसच्या होडीचं काही पडलेलं नाही, त्याच्या मामाची होडी मोठी आहे. खोके फेकाफेकीपर्यंत मजल गेली. पण मध्ये एकदा रावसचं "तू सांग मगे कित्याक" ऐकू आलं. रावस कोणाला कारण विचारतोय, असं मी पहिल्यांदा ऐकलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पेडवा : एकट्याने, पूर्ण बरोबर. मेजाभोवती फिरला नाही, मान फिरवली. तारली : एक घर चुकलं, स्वतःच हलवलं. करली : जशीच्या तशी, पहिल्यासारखी. उद्यापासून गणपतीची सुट्टी.

९ सप्टेंबर, मंगळवार

चाकरमानी परत गेले, पण त्यांची वाक्यं मागे राहिली. "मुंबयचो भाऊस म्हणता, भरती वाऱ्यान येता." भाऊस सातवीत, इंग्रजी शाळेत, मोबाइल स्वतःचा. जुलैत असतं तर यावर वर्ग आडवा झाला असता. आज सुरमई म्हणाली, "तो हय किती दीस होतो? आमी तिथीन मोजलंव." मुंबईच्या वजनासमोर धक्क्याच्या पायऱ्या उभ्या केल्या पोरीने. मात्र बोलताना ती रावसकडे बघत नव्हती, खाली पाटीकडे बघत होती.

दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशींना एक कोडं घातलं. दूर उत्तरेला बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी. अमुक गाव तिथेच आहे. तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? मावशी म्हणाल्या, "माका काय म्हायत? मी थंय गेलंय नाय." अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना हेच कोडं विचारत फिरला होता आणि शाळेत न गेलेल्यांकडून त्याला असंच ऐकायला मिळालं. पुस्तकांत हे 'तर्क येत नाही' अशा अर्थाने वाचायला मिळतं. मला मावशींचं उत्तर सुरमईच्या उत्तराच्या सख्ख्या बहिणीसारखं वाटलं : बघितलं नाही त्याची हमी देत नाही. कोडं विचारणाऱ्याच्या शब्दावर, तेवढ्यापुरता, विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकायचं हा शाळेचा खेळ आहे. तो शिकवायला हवा, पण मावशींचं खोडून नव्हे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटची फेरी, प्रत्येक मूल एकटं, नवीन सामान. तांदळाच्या उकडीचे सारखे दोन गोळे, एकाची लांब वळी केली. प्रश्न एकदाच, आणि मग "कसां कळलां?"

पेडवा : "काढूक नाय, घालूक नाय." तारली : परत गोळा करून दाखवला. बांगडा : "लांब झाली पन बारीक झाली." सुरमईनेही हेच सांगितलं, शिवाय बाटलीची आठवण काढली. भांडणाऱ्या जोड्यांतल्या बहुतेकांकडे आता उत्तराबरोबर कारण आहे. ऐकणाऱ्या जोड्यांत तसं झालं नाही. करली अजून लांब वळीकडे बोट दाखवते. वाढत्या वयाचाही वाटा यात असणारच, तीन महिने या वयात थोडे नाहीत. तुलनेला दुसरा वर्ग नाही.

रावसही वळीकडेच बोट दाखवतो. पण त्याचं कारण ऐकून घेण्यासारखं : "लांब आसा म्हणान ज्यास्त. पन बारीक पन झाली. माका अजून बघूक होया." उकडीचे दोन्ही गोळे मागून घेऊन गेला.

अहवालाच्या नमुन्यात पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी अशा दोन रकान्यांत टक्केवारी मागितली आहे. रकाने भरले. सोबत २२ ऑगस्टचा संवाद जोडला, त्याला टक्केवारी लावलेली नाही. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मांडताना तेवढाच वाचणार आहे.

दिवाळीनंतर गुरुजींना तिसरी-चौथीत पाटीचा नियम लावून बघायचा आहे. माझ्याकडे करलीसाठी जोडीदार ठरवायचा आहे : तिच्याइतकीच हळू बोलणारी, आणि तिच्यापेक्षा वेगळी चुकणारी. पहिलीतली ती मुडदुशी चालेल असं वाटतं. रावसच्या गटात ती आजवर कधी बसलेली नाही.